छापा नसलेला कोट

प्रिय दर्यासारंगा,

तू इंजिनरूममध्ये घामाघूम होऊन नटबोल्ट आवळत असतोस आणि समुद्र तुला जेवणाच्या सुट्टीतच दिसतो, हे मला माहीत आहे. तरी शेजारच्या काकूंना मी 'मुलगा दर्यावर असतो' असंच ऐटीत सांगते, तेव्हा पत्रातही तेच चालवून घे. तुझ्या कंपनीच्या माणसानं सांगितलं की पुढच्या बंदरात तुमच्यासाठी टपाल चढणार आहे, म्हणून लिहायला बसले. फोन होतो आपला, नाही असं नाही, पण ते कसलं बोलणं! 'ऐकू येतंय का' यात अर्धा वेळ जातो आणि उरलेल्या अर्ध्यात तुझी बायको शेजारी उभी. तिच्यासमोर तिचं कौतुक काढलं की 'आई, पुरे आता' म्हणून फोन हातातून काढून घेते. आज ती कामाला गेली आहे, घरात मी आणि फ्रिजची घरघर. उभा जन्म गणित शिकवण्यात गेला, त्यामुळे मधल्या पायऱ्या गाळून एकदम उत्तर लिहिणं मला जमत नाही. तू आपला धीर धरून वाच.

तू गेलास तेव्हा बाहेरच्या खोलीतली भिंत ही भिंत होती. पुढे तिथे इंचभर रंग दिसला असता तर शपथ. छतापासून सोफ्याच्या पाठीपर्यंत तुझ्या बायकोनं फोटो चिकटवले होते, सगळे फॅशन शोच्या रॅम्पवर चालणाऱ्या मुलींचे. वर्षातून दोनदा ही जत्रा भरते म्हणे, जगातल्या मोठमोठ्या शहरांत, थंडी सरत आली की पुढच्या थंडीचे कपडे आणि उन्हाळा सरत आला की पुढच्या उन्हाळ्याचे. सुरुवातीला मला काही हे झेपलं नाही. बाई कापडाच्या गिरणीत डिझाइनची नोकरी करते, छापे काढते, हे ठीक. पण कामावरून आल्यावर लॅपटॉप उघडून तासन्‌तास त्या काटकुळ्या पोरींचं चालणं काय बघायचं? एकदा न राहवून विचारलं, तर हसली नाही की रागावली नाही. म्हणाली, "आई, आज आमच्याकडे छापलेलं कापड दुकानात कपडा होऊन लटकेपर्यंत वर्ष जातं. वर्षभरानं लोकांना काय अंगावर घालावंसं वाटेल, ते आज कसं कळणार? या शोमधून थोडा वास लागतो. लांड्या कपड्यांचे दिवस येतायत की घेरदार, रंग भडक होतायत की विझतायत. त्यावरून आम्ही छापा काढायचा." मला पटलं. आपणही मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका बघूनच मुलांना तयार करायचो की!

पण प्रश्नपत्रिका बघून अंदाज बांधणं वेगळं आणि शेजारच्याच्या वहीत डोकावणं वेगळं. तिच्या स्टुडिओचे जे प्रमुख आहेत, ज्यांना सगळे पाठीमागे घाईसाहेब म्हणतात, त्यांना हा फरक मान्य नाही. यंदाच्या शोमध्ये एका बड्या फॅशन घराण्यानं मोठाली फुलं आणली होती, ताटाएवढी, काळ्या कापडावर. घाईसाहेबांनी दुसऱ्याच दिवशी फोटो छापून प्रत्येकाच्या टेबलावर ठेवला आणि फर्मान काढलं, "दोन पाकळ्या कमी करा, देठ डावीकडचा उजवीकडे करा, झालं आपलं डिझाइन." सगळे मुकाट कामाला लागले. तुझी बायको नाही लागली. म्हणाली, "साहेब, ही फुलं त्यांची आहेत. आणि आपण काढली तर इतरही काढतील." साहेबांना पहिलं वाक्य टोचलं आणि दुसरं ऐकूच गेलं नाही. त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की या सीझनला मोठी ऑर्डर मिळाली नाही तर स्टुडिओतली एक खुर्ची कमी होणार, आणि सगळ्यात नवी खुर्ची कुणाची आहे ते ज्यानं त्यानं ओळखावं. हे तुला तिनं कळवलं नाही ना? माहीतच होतं मला. मलाही तिनं सांगितलं नव्हतं. पण त्या संध्याकाळी तिनं कांदा असा काही चिरला की मी विळी, सुरी सगळं आवरून ठेवलं आणि तिला खुर्चीवर बसवून विचारलं. मग बांध फुटला. रडली नाही हं, चिडली. मला ते बरं वाटलं. रडणाऱ्याला रुमाल द्यावा लागतो, चिडलेल्याला नुसती वाट मोकळी करून द्यावी लागते.

त्यानंतर आम्ही दोघी मिळून शो बघायला लागलो. मी काय, आपली सोबतीला. तिची एक पद्धत आहे. पहिल्यांदा बघताना आवाज बंद करते, आणि छापील कपडे आले की सरळ पुढे ढकलते. "लोकांनी आधीच काढलेला छापा बघून मला काय मिळणार? मला अजून कुणी न काढलेला बघायचाय," हे तिचं म्हणणं. मग ती बघते ते साधे कपडे. बाही कुठे फुगते, पाठ कुठे आवळते, चालताना काय मागे राहतं आणि काय पुढे धावतं. मी म्हटलं, हे म्हणजे गणितात आकड्यांऐवजी मधल्या चिन्हांकडे बघण्यासारखं झालं. तर डोळे मोठे करून म्हणाली, "अगदी बरोबर!" आणि मला उगाच दहावीत पहिली आल्यासारखं वाटलं.

असाच एक कोट आला. राखाडी, साधा, त्यावर ना फूल ना पान. मी चहा ठेवायला उठतच होते. ती ओरडली, "थांबा!" मी थांबले, व्हिडिओ थांबला, बहुतेक गल्लीतलं वाहनही थांबलं असेल. त्या कोटाला पाठीमागे कमरेपासून खाली चुण्या होत्या. मुलगी रॅम्पच्या टोकाला जाऊन वळली तशा त्या चुण्या उघडल्या, आतपर्यंत उजेड गेला आणि पुन्हा मिटल्या. पापणी लवते ना, तितकाच वेळ. ती ते पुन्हा पुन्हा मागेपुढे करून बघत राहिली. मग पेन्सिल घेतली, चार रेघा मारल्या, खोडल्या. आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, तुम्ही जरा चालाल का?"

तर बाबा रे, तुझी आई रॅम्पवर चालली. आपल्या घराच्या पॅसेजमध्ये, शौचालयाच्या दारापासून बूट ठेवायच्या कपाटापर्यंत. पलंगावरच्या पांढऱ्या चादरीला तिनं इस्त्रीनं चुण्या पाडल्या, टाचण्यांनी माझ्या कमरेला लावली, टेबललॅम्प जमिनीवर ठेवला आणि मला हुकूम सोडला, "ताठ चाला, कपाटाशी पोचलात की झटकन वळा." झटकन! माझे गुडघे झटकन या शब्दाला केव्हाच रामराम करून बसलेत. तरी वळले. ती जमिनीवर पालथी पडून फोटो काढतेय, मी वळतेय, आणि नेमक्या त्याच वेळी शेजारच्या काकू वाटी परत करायला आल्या. दार उघडंच होतं. त्यांनी मला नखशिखांत पाहिलं, वाटी बुटांच्या कपाटावर ठेवली आणि आल्या पावली परत गेल्या. आता जिन्यात भेटल्या की माझी तब्येत जरा जास्तच आपुलकीनं विचारतात.

एवढं करून पहिल्या खेपेला जे आलं, ते पाहून दोघींचे चेहरे पडले. कागदावर नुसते पट्टे. कैद्याच्या अंगावर शोभले असते. दुसऱ्या खेपेला पंख्याची पाती झाली. तिसऱ्याला काय झालं ते सांगत नाही, पण ती स्वतःच म्हणाली, "हे कोळ्याचं जाळं कोण घालणार?" त्या दिवसांत ती जेवायची, पण ताटाकडे न बघता. मी समोर काय वाढलं आणि तिनं काय खाल्लं, दोघींनाही सांगता आलं नसतं. मी सल्ले दिले नाहीत. मनात आलं होतं, की काढून दे ना साहेबांना ती दोन फुलं, नोकरी तरी टिकेल. तोंडापर्यंत आलेलं गिळलं. बरं झालं गिळलं.

तिला उमगलं ते एका सकाळी, दात घासताना. ब्रश तोंडात तसाच ठेवून बाहेर आली. तिचं म्हणणं असं की आपण इतके दिवस चुण्या काढत बसलो. चुणी कोट शिवणाऱ्याची आहे. आपण तिच्या आत शिरलेला उजेड काढायचा. मग तिनं रेघा टाकून दिल्या आणि उजेडाचे तुकडे काढायला घेतले, वर निमुळते, खाली रुंद होत गेलेले, एकमेकांना न चिकटणारे, पण एकाच वाऱ्यानं हललेले. कागदावर ते दिसलं आणि माझ्या अंगावर काटा आला. मला चित्रकलेतलं ओ की ठो कळत नाही, तुला ठाऊक आहे. तरी आला.

पुढे गंमत अशी की छाप्याचं चित्र एकदाच काढून भागत नाही. तेच चित्र कापडभर शेजारी शेजारी, वर खाली लागत जातं आणि सांधा कुठेही दिसता कामा नये. तिनं संगणकावर जोडून भिंतीवर मोठं करून लावलं. तिला जवळून सगळं ठीक दिसत होतं. मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं तर मधून सरळ रस्ता गेल्यासारखा दिसला. मी तसं बोलले. ती दारात माझ्याजवळ येऊन उभी राहिली, डोळे बारीक केले आणि कपाळावर हात मारून घेतला. मग चित्राचे तुकडे सरकवणं, एखादा लांबवून शेजारच्या चौकटीत घुसवणं, पुन्हा दारात येऊन बघणं, असं चाललं. या कामात मात्र मी बरोबरीनं होते. फरशी बसवण्याचं गणित शेवटी! रंगांत मी नाक खुपसलं नाही. तिनं तीनच घेतले. ओल्या विटेचा, पावाच्या कडेसारखा तपकिरी, आणि एक अगदी बारीक, लिंबाच्या सालीचा पिवळा. गिरणीत रंग कालवणारे जे रंगमास्तर आहेत त्यांनी तो पिवळा जमेपर्यंत कापडाच्या किती चिंध्या वाया घालवल्या! पण प्रत्येक वेळी तेच म्हणायचे, "अजून एकदा बघू, पोरी, अजून जरा आंबट पाहिजे."

मग तो दिवस आला. मोठ्या कपडे कंपनीच्या खरेदीवाल्या बाई गिरणीत यायच्या होत्या. गिरणीत त्यांचं नाव कात्री, कारण एका शब्दात कापून मोकळ्या होतात. पुढचं सगळं मला तिनं आणि नंतर रंगमास्तरांनी सांगितलं, आणि दोघांचं जुळतं, म्हणून खरं धरायला हरकत नाही. घाईसाहेबांनी टेबलभर फुलं मांडली. बाईंनी हातही न लावता पाहिली आणि म्हणाल्या, "ही फुलं मला या आठवड्यात ज्या त्या गिरणीत भेटतायत. आता चांगली ओळख झालीय आमची." साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला म्हणे. तुझ्या बायकोचं कापड ढिगाच्या तळाशी होतं, 'वेळ उरला तर' या सदरात. बाई चष्मा डबीत ठेवायला लागल्या. आणि आपली ही, जी पाहुण्यांसमोर चहाचा ट्रे घेऊन यायलाही लाजते, ही उठली, ढिगातून आपलं कापड ओढून काढलं, कमरेशी धरलं आणि त्या खोलीच्या टोकापर्यंत चालत गेली. वळली. परत आली.

कात्रीबाईंनी चष्मा पुन्हा लावला. "परत चाला," म्हणाल्या. ती चालली. "आता थांबा. उभ्या राहा. हलू नका." ती उभी राहिली. बाई बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही तर उभ्या आहात. मग हे हलतंय कसं?" कुठून घेतलं, असं त्यांनी विचारल्यावर घाईसाहेब घाईनं पुढे झाले, आमच्या स्टुडिओची स्वतंत्र कल्पना वगैरे सुरू झाले. हिनं त्यांना पूर्ण बोलू दिलं, मग पिशवीतून त्या राखाडी कोटाचा फोटो काढून कापडाशेजारी ठेवला. कुठल्या घराण्याचा, कुठल्या शोमधला, सगळं सांगितलं. "कोट त्यांचा आहे. त्यावर छापा नाही. त्याच्या चुण्यांत उजेड शिरताना मला जे दिसलं, ते माझं आहे." बाईंनी एकदा फोटो पाहिला, एकदा कापड पाहिलं. "त्यांनी शिवलं, तुम्ही पाहिलंत," म्हणाल्या. "असं पाहणारी माणसं मला हवीत." आणि ऑर्डर दिली. तीही अशी की गिरणीनं दुसरी पाळी लावली.

तुला फोनवर ती काय म्हणाली होती, आठव. "डिझाइन पास झालं." बस्स, तीन शब्द! म्हणून हा सगळा प्रपंच. तिनं न सांगितलेलं तुला कळलं पाहिजे. मागच्या आठवड्यात ती मला गिरणीत घेऊन गेली, कापड मशीनवरून उतरताना दाखवायला. तो आवाज तुला परका वाटला नसता, जमीन पायाखाली थरथरते. एका बाजूनं पांढरंफटक कापड आत जातं आणि दुसऱ्या बाजूनं तिचा उजेड बाहेर येतो, सारखा येतच राहतो. मशीनवरची माणसं काम करता करता मध्येच हात लावून बघत होती. एकानं दुसऱ्याला खुणेनं विचारलं, कुणाचं? त्यानं हिच्याकडे बोट दाखवलं. ती खाली बघायला लागली, आणि मी मात्र मान वर करून अख्ख्या हॉलकडे बघून घेतलं. घाईसाहेब स्वतः आले, हात जोडले. माणूस वाईट नाही, नुसती धांदल आहे. "तुमची मुलगी हुशार आहे," म्हणाले. सून आहे, असं मी सांगितलं नाही. मला त्यात काही चूक दिसली नाही. तुझ्या निकालाच्या वेळीही माझी मान ताठ झाली होती, पण खरं सांगू, त्यात थोडा माझा अभ्यास घेतल्याचा वाटा मी धरला होता. इथे माझं काहीच नव्हतं. पोरगी सगळं स्वतःचं घेऊन आपल्या घरात आली, आणि मला आयती मिरवायला मिळाली.

एवढं घवघवीत यश, पण ऑर्डरनंतर काही दिवसांतच तिचं काहीतरी बिनसलं. भिंतीवरचे फोटो एकेक करून काढायला लागली. मी म्हटलं, राहू देत ना, पुढचा सीझन येईलच. "बघू," म्हणाली, आणि तू आलास की खोली मोकळी हवी, तुला पसारा आवडत नाही, असं काहीतरी पुटपुटली. तुला पसारा चालतो, हे मी तुझ्या कपाटाच्या आधारे शपथेवर सांगू शकते. ही काहीतरी लपवतेय, अशी तेव्हाच मला शंका आली होती. खात्री मात्र मागच्या आठवड्यात मशीनच्या हॉलमध्ये झाली, कारण निघताना घाईसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "तुम्ही तरी समजवा हो तिला." काय समजवायचं, ते मला माहीत आहे असं त्यांनी गृहीत धरलं. मी मान हलवत राहिले आणि ऐकून घेतलं.

तर आता उत्तर लिहिते. कात्रीबाईंच्या कंपनीनं तिला पुढच्या सीझनचे शो प्रत्यक्ष बघायला बोलावलं आहे, त्या शहरांत, त्या रॅम्पशेजारी बसून, आणि मग दोन महिने त्यांच्या स्टुडिओत काम करायला. तारखा नेमक्या तुझ्या सुट्टीवर आल्या आहेत, आणि तिनं कुणालाही न विचारता 'जमणार नाही' म्हणून घाईसाहेबांना सांगून टाकलंय. मी विषय काढला तर म्हणाली, "आई, ते इतक्या महिन्यांनी घरी येणार आणि मी नसणार? पुढच्या वेळी जाईन." पुढची वेळ कुणी हातावर आणून ठेवत नाही. साहेबांनी तिचा नकार अजून कात्रीबाईंना कळवलेला नाही, पण ते फार दिवस थांबणार नाहीत. मी 'जा' म्हटलं तर ते सासूचं म्हणणं होतं. त्यात तिला एक तर आज्ञा ऐकू येईल, नाही तर त्याग. तू बोल तिच्याशी. परवानगी दिल्यासारखं बोलू नकोस, तिनं ती मागितलेली नाही. नुसतं विचार, की मी कुठल्या शहरात येऊ. जहाजातून उतरून सरळ तिच्याकडे जा. शोचं तिकीट मिळालं नाही तर बाहेर फुटपाथवर उभा राहा, आणि ती बाहेर आली की तिला बोलू दे, ती खूप बोलेल. मला तुला भेटायची घाई नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल, तू जेवत असताना समोर बसून बघायची आस आहेच. पण घरी तू नंतरच्या सुट्टीतही येशील, आणि मी कुठे पळून जात नाही. हे पत्र मी लिहिलं हे तिच्यापासून लपवू नकोस. ओरडली तर माझ्यावर ओरडेल, ते मी बघून घेईन. पत्र वाचून झालं की जहाजावरून जो पहिला फोन लागेल तो तिला लाव, मला नको.

तुझीच, हल्ली तिचीही,
आई